नमुन्याच्या घरातला पलंग

ऋजुताला वाटलं होतं, कॅनडातून शिकून परत आलं की पुणं आपल्याला एक कोपरा तरी देईल. प्रत्यक्षात विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीला परवडेल असं घर शहरात सापडेना. तरी तिची ओढ काही कमी होईना. वर्षानुवर्षं वसतिगृहांत काढलेल्या ऋजुताला आता आईला हक्काने बोलावता येईल असं दार हवं होतं.

अखेर बिल्डर तरवडेशेठनी तिला नव्या इमारतीतलं, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सजवलेलं नमुन्याचं घर दाखवलं. खोली छोटी, पण पलंग-कपाट मांडूनही ऐसपैस दिसत होती. "आई इथे खिडकीशी झोपेल," ती पुटपुटली आणि पलंगावर टेकली. टेकताच तिला शंका आली.

"काका, भाव जरा कमी करा ना."

घर बघायला आलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघत शेठ हसले. "पोरी, एवढी शिकलीस, पण व्यवहार राहिला! मी स्वतः राहीन असंच घर मी विकतो."

"मग या पलंगावर जरा आडवे होऊन दाखवा."

शेठ ऐटीत आडवे झाले आणि त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबू लागले. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून घेतला होता.

"काका," ऋजुता नम्रपणे म्हणाली, "पलंग बाहुलीच्या मापाचा आणि भाव तुमच्या मापाचा! दोन्हींतलं एक तरी बदला."

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठ उठून कपडे झटकू लागले. भाव मात्र उतरला नाही.

ती खिडकी ऋजुताच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, आधी लांब म्हणून नाकारलेली सासवडची जुनी, पोपडे उडालेली पण परवडणारी खोली घ्यायची आणि आईला तिथेच बोलवायचं.