दिव्यावरचा पापुद्रा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कुणाला सांगता येणार नाही, आणि आले तरी त्याने काही फरक पडणार नाही. लहानांनी ऐकावी म्हणून सांगतो आहे. पण थोरांनी उठून जाऊ नये, कारण यातली चूक थोरांनीच केलेली आहे.

तर त्या राज्यात एक मोठा घाट होता. वर पठार, खाली गावे. पठारावरचे धान्य आणि गूळ बैलगाड्यांतून खाली जाई. उन्हाळ्यात घाटात असा वारा सुटे, की मुरमाचे खडे सपासप अंगावर येत. थंडी पडली की धुके उतरे. दिवस उगवून चांगला वर आला तरी हाकणाऱ्याला बैलाची शिंगे दिसत नसत. म्हणून प्रत्येक गाडीच्या पुढच्या दांडीवर काचेचा एक दिवा असे आणि तो भर सकाळी पेटवावा लागे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि भरवसा काय तो त्या दिव्याचा.

उन्हाळ्यातल्या खड्यांनी काचेवर चरे पडत. त्यावर राज्याने उपाय काढला होता. दरवर्षी धुक्याच्या आधी सगळ्या गाडीवानांनी घाटाच्या नाक्यावर यायचे. तिथे दिवेसरदार नावाचा अधिकारी लोडाला टेकून बसे. त्याची माणसे विटकरीच्या पुडीने काच खसाखसा घासत, चरे दिसेनासे करत आणि दिव्याच्या चौकटीवर एक पितळी टिकली ठोकत. टिकली ठोकली की अडसर वर, गाडी घाटात.

आता गंमत बघा. घासून घासून काच दरवर्षी जास्त पांढुरकी होई. पण गाडीवान काच बघतच नसत, ते टिकल्या मोजत. ज्याच्या दिव्यावर टिकल्या जास्त, त्याचा मान जास्त. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलाचे वय नंतर, आधी टिकल्या किती ते विचारत. एका म्हातारबाच्या दिव्यावर तर एकवीस टिकल्या होत्या. सगळ्या गाड्यांच्या पुढे त्याची गाडी चाले. त्या दिव्यातून उजेड किती पडतो, असे विचारणे मात्र फार असभ्यपणाचे समजले जाई.

याच घाटात एक बाई गाडी हाकत असे. आधी तिचा थोरला भाऊ हाकायचा. त्याच्या दिव्यावर नऊ टिकल्या होत्या. एका धुक्याच्या सकाळी वळणावर त्याला कडेचा दगड दिसलाच नाही. गाडी कलंडली, एक बैल दरीत गेला आणि भावाचा पाय कायमचा अधू झाला. दिवेसरदाराने येऊन दिव्यावरच्या टिकल्या मोजल्या, "नऊ आहेत, म्हणजे दिवा ठीक आहे. चूक हाकणाऱ्याची," असे जाहीर केले आणि तो निघून गेला.

ते वाक्य बाईच्या मनात काट्यासारखे रुतले. भावाच्या जागी ती गाडीवर बसली. घर त्या गाडीवर चालत होते. घाट बंद झाला तर चूल बंद, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने जुना दिवा चौकटीसकट काढून टाकला, नव्या चौकटीत कोरी काच बसवली आणि भावाला म्हणाली, "दादा, ह्या काचेला मी कुणाला घासू द्यायची न्हाई."

"आणि खडे? ते काय तुला विचारून लागणार हायत?"

"खडे लागू देत. पण काचेला न्हाई लागायचे."

पठारापलीकडे अभ्रकाच्या खाणी होत्या. तिथल्या एका खाणवालीला गुळाची ढेप देऊन बाईने अभ्रकाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे आणले होते. तिचा बेत साधा होता. काचेवर पापुद्रा चिकटवायचा. खडे खायचे ते त्याने खावेत, काच खाली सुखरूप राहावी.

बेत साधा असला तरी काम साधे नव्हते. पहिल्या दिवशी बाई अंगणात बसली, काचेला डिंक फासला आणि वर पापुद्रा दाबला. वाऱ्याने धूळ उडाली ती नेमकी मध्ये जाऊन बसली. जागोजाग हवेचे फुगे आले. भाऊ ओसरीवरून बघत होता. तो म्हणाला, "दिवा केलास का पापड भाजलास?"

बाईला रडू आले आणि रागही आला. तिने पापुद्रा ओरबाडून काढला, फेकून दिला आणि दुसरा घेतला. दुसऱ्याच्या खाली तिच्याच बोटांचे तेलकट ठसे उमटले. म्हणजे काचेवरची घाणही पापुद्रा तितक्याच मायेने सांभाळणार होता. हे कळल्यावर मात्र ती ओरबाडायची थांबली आणि विचार करू लागली.

तिसऱ्या दिवशी तिने आधी अंगणात सडा टाकला, म्हणजे धूळ उठायला नको. काच रिठ्याच्या पाण्याने धुतली आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसली. डिंक अगदी पातळ केला, त्यात रिठ्याचे पाणी मिसळले आणि काच व पापुद्रा दोन्ही ओले केले. आता पापुद्रा काचेवर मासोळीसारखा सरकू लागला. तो सरकवत सरकवत तिने बरोबर जागेवर आणला. मग लाकडी फणीच्या पाठीला फडके गुंडाळले आणि मधल्या भागापासून कडेकडे, हलक्या हाताने, पाणी आणि हवा बाहेर लोटत नेली. कडा कातरून त्यांना मेण लावले. दोन दिवस दिव्याला हात लावला नाही, भावालाही लावू दिला नाही.

वाळल्यावर भावाने दिवा उचलून उन्हात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला आणि विचारले, "पापुद्रा लावलास कुठं?"

बाई हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसले होते.

उन्हाळा आला आणि गेला. वाऱ्याने आपले काम केले. बाकीचे गाडीवान तिला चिडवत, "बाई, दिव्याला पदर दिलायस का?" ती म्हणे, "व्हय. उघड्यावर तुम्ही ठेवलायसा तेवढं पुरे हाय." आणि बैलांना हाक देई.

मग धुक्याचा मोसम आला. नाक्यावर गाड्यांची रांग लागली. बाईची पाळी आली तेव्हा दिवेसरदाराने तिचा दिवा खालीवर न्याहाळला. चौकटीवर एकही टिकली नव्हती आणि समोर खड्यांनी चरे पडलेला, टवके उडालेला पापुद्रा होता.

"हे काय चिकटवले आहेस?"

"अभ्रक. घरी लावलंय."

"घरी?" सरदार लोडावरून उठून बसला. "दिवा म्हणजे काय घरातले भांडे आहे? दोष झाकण्यासाठी लावले आहेस हे. काढ, काच घासून घे, टिकली मारून घे आणि मग जा."

"काच मी घासून घेणार न्हाई. टिकली पण नको."

आजवर त्या नाक्यावर असे कुणी बोलले नव्हते. सरदार म्हणाला, "मग घाट तुला बंद. आजचाच नाही, कायमचा."

घरची चूल तिच्या डोळ्यांपुढे आली. पण दरीत गेलेला बैलही आला आणि अधू पाय घेऊन ओसरीवर बसलेला भाऊही आला. ती दांडीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दोष झाकलाय म्हणता ना? मग काढा तो पापुद्रा. तुमच्या हातानं काढा, सगळ्यांम्होरं काढा. आणि काढून झालं की दिवा पेटवून बघा. काच खराब निघाली तर गाडी इथंच सोडून मी चालत घरी जाते."

सरदाराला तेच हवे होते. त्याने नखाने मेण खरवडले आणि टर्रकन पापुद्रा ओढून काढला. चरे पडलेला तो तुकडा उंच धरून तो ओरडला, "बघा, बघा! ही हिच्या दिव्याची दशा!"

"ती पापुद्र्याची दशा झाली," बाई म्हणाली. "दिव्याची आता बघा."

तिने ओल्या फडक्याने काच पुसली आणि वात पेटवली.

धुक्यात उजेडाचा एक स्वच्छ पट्टा सरळ पुढे गेला. नाक्याचा अडसर दिसला, त्याच्या पलीकडचा रस्ता दिसला, पहिल्या वळणावरचा कडेचा दगडसुद्धा दिसला. रांगेत वीस दिवे जळत होते. त्यांतल्या एकाचाही उजेड बैलांच्या खुरांपलीकडे जात नव्हता. हे त्या दिवसापर्यंत इतके उघड कधी दिसले नव्हते, कारण शेजारी धरून बघायला चांगला दिवाच उरला नव्हता.

तेवढ्यात एकवीस टिकल्यांचा म्हातारबा गाडीवरून खाली उतरला. तो त्या उजेडात येऊन उभा राहिला. आपले हात त्यात धरून त्याने उलटसुलट बघितले.

"चार वर्षं झाली," तो म्हणाला, "माझ्या दिव्यानं मला काई दिसत न्हाई. बैलांच्या सवयीवर चालतोय मी. एकवीस टिकल्यांचा माणूस, बोलू कसं?"

"चार वर्षं?" बाईचा आवाज चिरकला. "म्हंजे माझा दादा पडला तवा तुमास्नी ठावं होतं? हाकणाऱ्याची चूक, असं सरदार म्हणालं, तवा तुमी तिथंच हुबं व्हता की!"

"हुबा व्हतो," म्हातारबा म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. मग तो आपल्या गाडीकडे गेला, खुरपे काढले आणि दिव्याच्या चौकटीवरच्या टिकल्या एकेक करून उचकटू लागला.

सरदाराचा चेहरा लालबुंद झाला. "टिकली नाही तर रस्ता नाही! अडसर उचलायचा नाही!"

"नका उचलू," बाई म्हणाली. "मी हितंच हुबी ऱ्हाते, दिवा पेटवून. धुक्यातनं जो येईल त्याला दिसू दे, उजेड कुणी अडवलाय ते."

आणि ती खरेच उभी राहिली. तिच्या मागे म्हातारबा उभा राहिला. त्याच्या मागे एकामागून एक खुरपी निघाली आणि पितळी टिकल्या रस्त्यावर टणाटण पडू लागल्या. घासणारी माणसे विटकरीची पूड मुठीत धरून बसली होती, पण त्यांच्यापुढे एकही दिवा आला नाही. दुपारपर्यंत सरदाराने धमक्या दिल्या, मग नियम वाचून दाखवले, मग नियमांत सवलत देऊ केली. शेवटी त्याचे कुणीच ऐकेना, तेव्हा अडसरावरच्या शिपायाने त्याच्याकडे न बघता दोरी ओढली.

सगळ्यांच्या पुढे बाईची गाडी घाटात उतरली. उघड्या काचेचा उजेड वळणामागून वळण उजळत गेला आणि मागच्या वीस गाड्या त्या एका उजेडावर खाली पोचल्या.

त्या वर्षी गाडीवानांनी नव्या काचा बसवल्या आणि ते पापुद्रा लावून घ्यायला बाईच्या दारात आले. तिने कुणालाच लावून दिला नाही. "शिकवीन," ती म्हणाली, "पण लावायचा ज्याचा त्यानं, आपापल्या अंगणात. न्हाईतर उद्या माझ्या नावाची टिकली मिरवाल." म्हातारबाचे हात थरथरत. त्याचे तीन पापुद्रे वाया गेले, चौथा नीट बसला. दिवेसरदाराचा नाका ओस पडला आणि विटकरीच्या पुडीचे ढीग गावच्या बायकांनी भांडी घासायला नेले.

यातून घ्यायचे ते एवढेच: ज्या उजेडावर आपला जीव चालतो, तो आपल्या हातांनी जपावा, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागू नये.