बारावं प्लगिन

हिरडोलीच्या सरकारांच्या गेममध्ये आता सरकार एकटेच उरले होते.

सहा महिन्यांपूर्वी तिथं दीडशे माणसं खेळत. राजवाड्याच्या जुन्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत, सर्व्हर होता. गावातल्या कुणीही आपल्या घरून त्यात शिरावं, ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं बांधावीत, भोपळे लावावेत. मग सरकारांना प्लगिनचा नाद लागला. प्लगिन म्हणजे सदऱ्याची शिवण न उसवता वरून खिसा लावावा, तसा खेळाला जोडलेला नवा नियम. सरकारांनी असे अकरा खिसे लावून घेतले. एकामुळे खेळात शिरणाऱ्याला सरकारांची सतरा ओळींची बिरुदावली संपेपर्यंत पाऊल उचलता येईना. दुसऱ्यानं पुलावर एका भोपळ्याची जकात बसवली. तिसऱ्यामुळे भोपळा लावायलाही दिवाणजींची परवानगी लागू लागली, आणि दिवाणजी दुपारभर झोपत. बाकीची आठ याहून कडक होती.

लोकांनी खेळणं सोडलं. सरकार संतापले.

"रविवारी पाचच्या आत चाळीस माणसं आत दिसली पाहिजेत," त्यांनी दरबारात सांगितलं. "नाहीतर सर्व्हर बंद, आणि आतलं सगळं पुसून टाका."

गवळ्याची मंजुळा हे ऐकत दाराशी उभी होती. ती तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची आणि सकाळी वडिलांबरोबर दूध घालायची. जुनी हिरडोली धरणाच्या पाण्याखाली गेली होती. ती लोकांनी या गेममध्ये आठवून आठवून पुन्हा उभी केली होती. पार, तालीम, तिच्या वडिलांचा, नानांचा, गोठा, सगळं. पुसलं गेलं असतं तर गाव दुसऱ्यांदा बुडालं असतं.

"सरकार, मी आणते माणसं," ती म्हणाली.

"तू? ऐक तर मग. माझं एकही प्लगिन काढायचं नाही. त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही. आणि ती वाईट आहेत असं माझ्या तोंडावर कुणी म्हणायचं नाही."

दिवाणजी गालात हसले. "झालं. आता गवळणबाई वाऱ्याला गाठ मारणार."

"मंजूर आहे," मंजुळा म्हणाली. "फक्त माझं एक प्लगिन जोडायची परवानगी असावी."

"ते काय करतं?"

"लोक येतील असं करतं, सरकार."

"मग विचारतेस काय? जोड. अकरा आहेत, बारा होतील. शोभाच वाढेल."

मंजुळानं ते शनिवारी दुपारी जोडलं. रविवारी सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला तिनं एवढंच सांगितलं, "आज चारला गेममध्ये या. पुलापाशी थांबा, गंमत आहे."

सरकार रोज चारचा चहा घेऊन गेममध्ये फेरफटका मारत. त्या दिवशीही बसले. शेजारच्या खुर्चीत दिवाणजी घोरत होते. मंजुळा मागं उभी होती. पडद्यावर अक्षरं सरकू लागली.

"हे काय?"

"सरकारांची बिरुदावली."

"मला माझीच?"

सतरा ओळी सरकेपर्यंत सरकार बोटं मोडत बसले. मग पूल आला आणि पाय थांबले. पडद्यावर अक्षरं उमटली: एक भोपळा.

"माझ्याकडे कुठला भोपळा? थांब, बाजूनं दगड टाकून ओढा ओलांडतो." त्यांनी दगड खणला. लगेच साऱ्या खेळाडूंना दवंडी गेली: सरकारांच्या कृपेने सरकारांना एक दगड मिळाला. दुसरा खणला. पुन्हा दवंडी.

"बंद करा ते!" सरकार ओरडले. "भोपळाच लावतो."

दिवाणजींची परवानगी हवी, असं पडद्यानं सांगितलं. सरकारांनी शेजारी पाहिलं. दिवाणजींनी कूस बदलली.

तेवढ्यात सरकारांच्या लक्षात आलं. पुलाच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. चाळीस नव्हे, शंभरावर. सगळी बघत होती. त्यातून नाना गवळी पुढं आले. त्यांनी खाली लिहिलं, "घ्या सरकार, माझा भोपळा घ्या. परवानगीला मला नऊ दिवस लागले होते."

सरकारांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"मी रोज इथून जातो," ते हळू म्हणाले. "मला कधी कुणी अडवलं नाही."

"सरकार सर्वाधिकारी आहेत. सर्वाधिकाऱ्याला प्लगिनं लागू होत नाहीत," मंजुळा म्हणाली. "पंगतीत सरकारांचं पान वेगळ्या पातेल्यातून वाढतात. आमटीत मीठ किती, ते कसं कळावं?"

"आणि तुझं प्लगिन?"

"रविवारी चार ते पाच सरकारांचे सर्वाधिकार काढून घेतं. बाकी मी एकही प्लगिन काढलं नाही, अक्षर बदललं नाही, कुणाला वाईट म्हटलं नाही. आणि माणसं मोजून घ्यावीत."

दिवाणजी दचकून जागे झाले. "सरकार, हा द्रोह आहे."

"गप्प बसा. तुमच्यामुळे माझा भोपळा अडलाय. पोरी, ती अकराच्या अकरा आत्ताच्या आत्ता काढ."

"मला कशी काढता येतील? अट आहे ना."

"मग मी काढतो. माझीच आहेत."

"सरकारांनाही येणार नाहीत काढता. अजून बावीस मिनिटं सरकार आमच्यातलेच आहेत."

सरकारांनी घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि खुर्ची हलेपर्यंत हसले. "हरलो बुवा. माग, काय बक्षीस हवं?"

"पाच वाजल्यावर मागते. आत्ता सरकारांकडे आहे काय? दोन दगड, तेही सरकारांच्या कृपेचे."

पाच वाजता सरकारांनी आपल्या हातानं अकराही प्लगिनं काढली, शिलेखान्याची किल्ली मंजुळाच्या हवाली केली, सर्व्हरचे सर्वाधिकार तिलाही दिले आणि जुनं गाव कधीही पुसायचं नाही असं लिहून दिलं.

"आणि बारावं?" मंजुळानं विचारलं. "तेही काढू?"

"राहू दे," सरकार अजून हसतच होते. "फक्त दिवाणजींनाही लागू कर. आणि त्यांची वेळ दुपारची ठेव, म्हणजे झोपायचा अधिकारही जाईल."