खाटेखाटेवरचं गुपित

“आमची ताई कशानं गेली?” जालिंदरने इस्पितळात सगळ्यांना विचारलं, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला. आता ताईचं तान्हं बाळ गावी न्यायचं होतं. त्याला कोणतं औषध बाधतं, हे गावच्या नर्सबाईंना कळायलाच हवं होतं. वॉर्डात एकदा कानावर पडलेलं ते इंग्रजी नाव जालिंदरच्या जिभेवर बसत नव्हतं. नर्सबाईंनी फोन केला, तर मोठे डॉक्टर म्हणाले, “रुग्णाची माहिती गुप्त असते, बाई!”

सकाळी गुपितांचे हे राखणदार शिकाऊ पोरांचा लवाजमा घेऊन वॉर्डात आले आणि खाटेखाटेपाशी दवंडी पिटल्यासारखं एकेकीचं दुखणं सांगू लागले. शेजारणी माना लांब करून ऐकत होत्या. ते बाळापाशी येताच जालिंदरने नर्सबाईंना फोन लावून उंच धरला. डॉक्टरांनी औषधाचं नाव खणखणीत घेतलं आणि मग त्यांना फोन दिसला.

“गुपित फोडतोस?”

“फोडलं तुम्हीच, साहेब. दारातल्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. मी फक्त औषध देणारीचा कान तेवढा आणला.”

फोनवरून नर्सबाई म्हणाल्या, “कळलं रे, आण बाळाला.”

निघताना जालिंदरने पिशवीतून ताईची साडी काढली आणि शेजारच्या दोन बाळंतिणींच्या खाटांमध्ये पडद्यासारखी बांधून दिली.