जवाएवढं अंतर

“पण मास्तर, ही दोन भोकं समोरासमोर येतच नाहीत, हे तुम्हाला खरंच दिसत नाही का?”

बार्नबीचा आवाज चढला होता. चढणारच! इंग्लंडातल्या त्या गावात उद्या जहागीरदारांच्या नव्या हवेलीचा लाकडी सांगाडा उभा राहणार होता. अख्खं गाव बघायला येणार, आणि त्याला सुतारकाम शिकवणाऱ्या हम्फ्री मास्तरांनीच पाडलेलं एकूण एक भोक चुकलेलं!

गाठोडं त्याने सकाळीच बांधून ठेवलं होतं. आज मास्तरांना चूक कबूल करायला लावायची, नाहीतर हे काम सोडून चालू पडायचं.

अंगणात ओकचे खांब आणि तुळया आडव्या पसरल्या होत्या. तुळईचं टोक खांबाच्या खाचेत सरकवायचं आणि दोघांतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लोखंडाचा खिळा औषधालाही नाही.

मास्तरांनी जुळवलेल्या सांध्यात खांबाचं भोक एकीकडे, तर तुळईचं जवाच्या दाण्याएवढं बाजूला.

बार्नबीची भोकं मात्र एका रेषेत. आरपार उजेड दिसावा अशी.

“डोळे गेले असतील माझे,” मास्तर म्हणाले. “तुझी खुंटी घाल बघू.”

बार्नबीने नुसती अंगठ्याने दाबली. सुळकन आत गेली.

“वा!” मास्तरांनी ती दोन बोटांनी उपसून काढली. “निघतेही छान.”



मग मास्तरांनी आपली खुंटी लावली आणि हातोडा उचलला. सरकलेल्या भोकांतून खुंटी वाकत आत शिरू लागली, लाकूड कुरकुरलं. प्रत्येक घावाला तुळई खांबाकडे ओढली जाऊ लागली. मघाशी नख शिरेल एवढी फट होती, ती मिटली.

“काढ आता.”

बार्नबीने दोन्ही हातांनी धरली. खांबाला पाय लावून ओढली. आणि धपकन भुशात बसला! खुंटी जागची हलली नव्हती.

मास्तर पोट धरधरून हसले.

“ओलं लाकूड आहे, बाळा. वाळलं की आकसणार. तेव्हा तुझी हवेली खुळखुळ्यासारखी वाजेल. भोक मुद्दाम जरा सरकवलं, की खुंटी सांधा ओढून धरते.”

बार्नबीने केसांतला भुसा झटकला. त्याची नजर गाठोड्याकडे गेली.

“मी जाणार होतो, मास्तर. आपलं कधी पटतच नाही. तुम्ही पूर्व म्हणालात, की मी…”

“कितीसं पटत नाही?”



मास्तरांनी हातोडा त्याच्या हातात दिला.

“जवाएवढंच ना? मग ठोक.”