पावणेतीन मिलिमीटर

“…आणि आपल्याला जहाज आखता येत नाही असं म्हणतं कोण, उस्ताद? मला नाव सांगा. म्हणतं कोण?”

इब्राहिम उस्तादांनी नाव सांगितलं नाही. ते होडीच्या पोटाशी उकिडवे बसून फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासत होते. लाकडी मोगरीचे ठोके संथपणे पडत राहिले.

निरंजन तोरस्कर मांडवाच्या खांबाशी उभा होता. पहाटे मुंबईहून निघून, खाडी तरीतून ओलांडून, दुपारी तो हरणटेंबला पोचला होता. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

वय सेहेचाळीस, नौदलाच्या आराखडा विभागातला मोठा अधिकारी. पण या मांडवात तो अजून शिकाऊच होता. चोवीस वर्षांपूर्वी, नवी कोरी पदवी घेऊन तो गोदीत आला, तेव्हा साहेबांनी त्याला सरळ उस्तादांच्या हाताखाली दिलं होतं. गोदीतल्या मोठ्या माडीवर, लाकडी जमिनीवर, जहाज पूर्ण मापानं खडूनं आखलं जायचं. दोन वर्षं निरंजन त्या जमिनीवर गुडघ्यांवर रांगला. चौथी शिकलेला हा माणूस त्याच्या रेघा पायानं पुसायचा आणि म्हणायचा, पुन्हा.

आता उस्ताद एक्याऐंशीचे होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यावर मोतीबिंदूचा सारा आलेला. निवृत्तीनंतर गावी येऊन मच्छीमारांच्या होड्या बांधत होते.

निरंजननं सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षं त्यानं आणि त्याच्या माणसांनी एका युद्धनौकेचा आराखडा केला होता. टाकीत प्रतिकृती तरंगवून झाली, लाटा सोडून झाल्या, दोनदा सगळं मोडून नव्यानं आखलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी समितीनं ठरवलं की आराखडा परदेशातून घ्यायचा. पहिल्या तीन नौका तिकडेच बांधून यायच्या, पुढच्या इथे, त्यांच्या नकाशांवर, त्यांच्या माणसांच्या देखरेखीखाली.

“बैठकीत मला पाच मिनिटं दिली. नऊ वर्षांना पाच मिनिटं. आणि त्यांचा विक्रेता दीड तास बोलला. आमचेच लोक त्याला माना डोलावत होते.”

ठोका. ठोका.

“पुढे काही बिघडलं की त्यांच्या दारात उभं राहायचं. आपल्याच नौकेचं पोट उघडायला त्यांची परवानगी घ्यायची. तुम्हाला चीड येत नाही?”

उस्तादांनी मोगरी खाली ठेवली. कशासाठी आलास, ते त्यांनी विचारलं.

निरंजननं पिशवीतून पत्र काढलं. चार पानं, मंत्र्यांना आणि वर्तमानपत्रांना एकाच दिवशी जाणारी. निवृत्त झालेल्या आठ अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. सर्वांत वरची जागा मोकळी होती. गोदीतून गेलेला एकही अधिकारी असा नव्हता की ज्यानं उस्तादांचं नाव ऐकलं नाही. ती सही असली तर पत्र कुणाला दडपता येणार नाही, असा निरंजनचा हिशेब होता.

“मला बारीक अक्षर दिसत नाही,” उस्ताद म्हणाले. “वाच.”

निरंजननं वाचलं. आवाज आधी खणखणीत होता. स्वाभिमान आला, गुलामगिरी आली, नऊ वर्षांचे परिश्रम आले, डावललेली प्रतिभा आली. उस्ताद होडीला पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

“हे परत.”

“‘अलीकडच्या दुर्घटनेनं सिद्ध केल्याप्रमाणे, नव्या नौकांची गरज निर्विवाद असली तरी…’”

“पुढचं नको. कसली दुर्घटना?”

निरंजनला ते आडवळण वाटलं. तरी त्यानं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात एक जुनी नौका किनाऱ्यापासून ऐंशी मैलांवर होती. कधीच मोडीत निघायला हवी होती, पण तिच्या जागी दुसरी नव्हती, म्हणून चालवत होते. इंजिनखोलीत तळाचा पत्रा फाटला. पाणी शिरलं. नौका वाचावी म्हणून दरवाजा बंद करावा लागला. आत एक जण राहिला.

“तू होतास तिथं?”

“चौकशीला मलाच पाठवलं होतं. पत्रा मी स्वतः मोजला. मूळचा आठ मिलिमीटर. फाटला तिथं पावणेतीन उरला होता.” त्याचा आवाज पुन्हा चढला. “तेच सांगतोय, उस्ताद. आमची नौका वेळेवर मंजूर केली असती तर…”

“आज मंजूर केली तर पाण्यात कधी?”

“सात वर्षं. घाई केली तर सहा.”

“त्यांची?”

“…चार म्हणतात.”

“तोवर माणसं कशावर जाणार?”

 निरंजन एकदम उसळून म्हणाला की हेच ऐकायला तो आला नव्हता. समितीतले लोकही हेच म्हणत होते, हेच शब्द, चार आणि सात. उस्तादांनी तरी असं म्हणू नये. आयुष्य गोदीत घालवलेल्या माणसानं बाहेरच्यांची बाजू घ्यावी?

आता मात्र उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चेहरा लालबुंद झाला होता.

“बाजू? त्यांची पेटी मी विसरलो असं वाटतं तुला?”

पेटीची गोष्ट गोदीत सगळ्यांना ठाऊक होती. उस्ताद सव्वीस वर्षांचे असताना एक परदेशी नौका विकत आली. नकाशे एका लोखंडी पेटीत, आणि तिची किल्ली त्यांच्या माणसाच्या कमरेला. इथल्या कुणी आत डोकावलं की तो झाकण लावायचा. वर्षभरात इंजिनाखालच्या बैठकीला तडा गेला. नकाशा मागवला तर उत्तर येईना. नौका सात महिने धक्क्याला बांधलेली. त्या सात महिन्यांत उस्तादांनी, जेवणाच्या सुटीत, गाठी मारलेल्या सुतळीनं अख्खा तळ मोजला आणि माडीवर खडूनं आखून काढला. शेवटी नकाशा आला तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, आणि गोदीनं त्यांना खांद्यावर घेतलं.

“पुढचं कुणी सांगत नाही,” उस्ताद म्हणाले. “एका जागी जुळलं नाही. बैठकीच्या मागच्या बाजूला. अर्धा इंच.”

“त्यांची चूक होती?”

“माझी.”

खाडीवरून वारा आला आणि मांडवावरची झापं सळसळली.

उस्तादांनी सांगितलं ते असं. नकाशा येण्याच्या पंधरा दिवस आधीच ते आपल्या मापानं बैठक जोडायला निघाले होते. फोरमननं अडवलं. उस्ताद त्याच्या अंगावर धावून गेले, त्याला बाहेरच्यांचा हुजऱ्या म्हणाले, चार माणसांनी धरलं म्हणून पुढचं टळलं. अर्धा इंच बाजूला जोडलेली बैठक भर समुद्रात टिकली नसती. वर तीस माणसं असणार होती.

“त्या पेटीचा राग अजून जात नाही,” ते म्हणाले. “जाऊही नये. मला कुलूप लावलं होतं, निरंजन, माझ्याच धक्क्यावर. पण त्या रागात मी तीस माणसं बुडवायला निघालो होतो, आणि मला वाटत होतं मी देशाचं काम करतोय.”

“माझ्या आराखड्यात चूक नाहीये.”

“असेल किंवा नसेल. मी तो पाहिलेला नाही. पत्र ऐकलं.” उस्ताद पुन्हा खाली बसले. “घ्या म्हणणारे समितीत किती?”

“सात.”

“त्यातले किती जण त्या नौकेवरून पावसाळ्यात जाणार?”

“एकही नाही.” निरंजन कडवटपणे हसला. “तेच तर.”

“आणि तुमच्या पत्रावर सह्या करणारे आठ… त्यातले?”

हसू तोंडावरच राहिलं.

 उस्तादांनी कापसाचा पीळ हातात घेतला, चाचपला, आणि सहज विचारावं तसं विचारलं.

“आत राहिला त्याचं नाव काय?”

निरंजननं तोंड उघडलं.

…नाव आलं नाही.

चौकशीचा अहवाल त्यानंच लिहिला होता. एकशे बारा पानं. पत्र्याची जाडी, गंजाचा प्रकार, पाणी भरायला लागलेली मिनिटं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्या माणसाची आई चौकशीच्या दिवशी बाहेर बाकावर बसली होती, हिरव्या काठाचं लुगडं नेसून. तेही आठवलं. तिला नमस्कार करून तो आत गेला होता. नाव पहिल्याच पानावर होतं.

“पावणेतीन मिलिमीटर,” उस्ताद हळूच म्हणाले. “ते आठवलं तुला.”

निरंजनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. क्षणभर त्याला या म्हाताऱ्याचा असा संताप आला, की पिशवी उचलून चालू लागावं असं वाटलं. तो खरोखर चालू लागला. वाळूतून, उपड्या होड्यांमधून, तरीच्या धक्क्यापर्यंत. तरीची होडी पलीकडे होती. तो तिथंच उभा राहिला, पत्राची चार पानं हातात घेऊन, आणि उभ्या उभ्या ती पुन्हा वाचली. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश. ‘आम्ही’ पानापानावर होतं. नौकेवर माणसं असतात हे चार पानांत कुठंच नव्हतं.

धक्क्यावर मोबाइलला रेंज होती. त्यानं कार्यालयात फोन लावला. कारकुनानं कोणती फाइल म्हणून दोनदा विचारलं, मग थांबायला सांगितलं. तरीची होडी अलीकडे आली, माणसं उतरली, माणसं चढली. तांडेलानं येणार का म्हणून खूण केली. निरंजननं मान हलवून नाही म्हटलं. होडी निघून गेली.

तो मांडवात परतला तेव्हा ऊन कललं होतं. उस्ताद होडीच्या दुसऱ्या बाजूला सरकले होते.

“सुधाकर भोईर,” निरंजन म्हणाला. “वय चोवीस. इंजिनखोलीत होता. बारा दिवसांनी सुटीवर जाणार होता.”

उस्तादांनी मान खाली घातली. ओठ हलले. दुआ पुरी झाल्यावर त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

निरंजन त्यांच्यासमोर वाळूत बसला. गुडघ्यांवर, पूर्वी माडीवर बसायचा तसा.

“मग घ्यावं की आपणच बांधावं, उस्ताद? एवढं तरी सांगा. मला आता कळेनासं झालंय. त्यांचं घेतलं तर पेटी येते. आपलं धरून बसलं तर आणखी सात पावसाळे तो पत्रा. दोन्हीकडे माझं रक्त उसळतंय.”

“उसळू दे.”

“पण सही…”

“कोरा कागद आहे?”

निरंजननं वहीतलं एक पान फाडून दिलं. उस्तादांनी ते फळीवर ठेवलं, तेलकट बोटं लुंगीला पुसली, पेन मागून घेतलं. डोळे कागदाशी नेऊन, अक्षर अक्षर चाचपत, पानाच्या अगदी तळाशी त्यांनी नाव लिहिलं. इब्राहिम परकार. वर सगळं पान पांढरं होतं.

निरंजन त्या पानाकडे पाहत राहिला.

“उस्ताद, यावर तर काहीच लिहिलेलं नाही.”

उस्तादांनी मोगरी उचलली.

“माझी सही झाली,” ते म्हणाले. “आता पत्र लिही.”