शेजारच्या खोलीतली हलगी

एकदा एक वृद्ध वस्ताद आपल्या शिष्याला घेऊन परगावच्या कुस्ती-मैदानाला निघाले. माघाचे दिवस होते. त्या गावच्या देवाची जत्रा होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिष्याची कुस्ती ठरली होती. मैदानातली एक नंबरची, सर्वांत शेवटी लागणारी कुस्ती. वस्तादांच्या तालमीतल्या कोणालाही अकरा वर्षांत तो मान मिळाला नव्हता.

त्या एका कुस्तीसाठी शिष्याच्या गावाने वर्षभर दुधाची पाळी लावली होती. आज या घरचं दूध, उद्या त्या घरचं. एका म्हातारीची म्हैस मध्येच आटली, तर आपली पाळी चुकू नये म्हणून ती शेजारणीकडून मागून दूध आणत असे. शिष्य निघाला तेव्हा ती वेशीपर्यंत आली होती. जिंकून ये, असं ती म्हणाली नाही. "आदल्या रात्री नीट झोप काढ रे बाबा," एवढंच म्हणाली.

यात्रा कमिटीने दोघांची सोय बाजारपेठेतल्या एका लॉजवर केली होती. वस्तादांनी शिष्याला लवकर जेवू घातलं, त्याच्या पायांना तेल चोळलं आणि नऊ वाजता दिवा घालवला.

दहाच्या सुमारास शेजारच्या खोलीत माणसं आली. भिंत पातळ होती. आधी खाटा सरकवल्याचा आवाज झाला, मग भांड्यांचा, मग हसण्याचा.

"अरे, चहात साखर टाकलीस का नुसती दाखवलीस?"

"तुला डॉक्टरनं काय सांगितलंय? दाखवली तेवढी बास."

पुन्हा हसणं. ते ओसरलं आणि ठेका सुरू झाला. कोणी तरी बोटांच्या टोकांनी हलगी वाजवत होतं. आवाज मोठा नव्हता, पण तो एका ठरावीक जागी येऊन थांबे. मग थोडं बोलणं होई आणि ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुन्हा त्याच जागी थांबे. शिष्य ती जागा यायची वाट पाहू लागला. डोळे मिटले होते, पण सारा देह कानात येऊन बसला होता.

"वस्ताद, जागे आहात?"

"आहे."

"हे असंच रात्रभर चालणार?"

"चालणार नाही. आवाजालाही झोप येते, पोरा. त्याच्याशी भांडायला गेलं की तो जागा होतो."

शिष्याने कूस बदलली. उशी कानावर घेतली. ठेका त्या जागी येऊन थांबला. तो ताडकन उठला आणि खाली जाऊन लॉजच्या मॅनेजरला उठवलं.

मॅनेजर गल्ल्यामागे खुर्चीतच झोपला होता. "पैलवान, जत्रेचे दिवस आहेत," तो जांभई देत म्हणाला. "कमिटीनेच उतरवलेली माणसं आहेत ती. एका खोलीला गप्प करायला गेलो तर सगळं लॉज बघायला उठेल. कापूस देऊ का कानात घालायला?"

शिष्याला तो विनोद रुचला नाही. तो वर आला आणि आपल्या खोलीत न जाता शेजारचं दार ठोठावलं.

दार उघडलं. आत चौघे होते. तिघे चाळिशीचे, एक साठी उलटलेला. म्हातारा खाली जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर हलगी होती. शिष्याला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"या, या पैलवान! आम्ही तुमचीच..."

"उद्या कुस्ती आहे माझी," शिष्य म्हणाला. "माणसांना झोपायचं असतं, हे कळत नाही का?"

"चुकलं, पैलवान. हळूच वाजवत हुतो. बंद करतो. आम्ही तुमच्याच..."

म्हातारा एवढं बोलला, तेव्हाच शिष्य मागे फिरला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तासभराचा साठलेला राग होता आणि समोर दबून बोलणारा माणूस होता. शिष्य म्हणाला, "कातडं बडवायचंच असेल तर गावाबाहेर जाऊन बडवा. ती जागा आहे तुमची."

ते शब्द जुने होते. शिष्याने ते स्वतः घडवले नव्हते. लहानपणी कुठे तरी, कोणाच्या तरी ओट्यावर ते कानावर पडले होते आणि त्या क्षणी आपसूक जिभेवर आले. खोलीतले तिघे उभे राहिले. म्हाताऱ्याने हाताने त्यांना थांबवलं. त्याने हलगी कापडात गुंडाळली आणि मान हलवून म्हणाला, "बरं, पैलवान."

शिष्य येऊन अंथरुणावर पडला. वस्ताद भिंतीकडे तोंड करून झोपलेले दिसत होते. शेजारून आता हूं की चूं ऐकू येत नव्हतं.

पण झोप आली नाही. आता पुन्हा सुरू करतील, असं त्याला वाटत राहिलं. सुरू केलं तर काय बोलायचं, हेही त्याने मनात ठरवून ठेवलं. रस्त्यावर कुत्रं भुंकलं तर तो भिंतीकडे पाही. नळ ठिबकला तर त्याला तो ठेका वाटे. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. शेजारी शांतता होती आणि तो त्या शांततेवर पहारा देत पडला होता. पहाटे वस्ताद उठून नेहमीप्रमाणे फिरायला गेले, तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. तिथली रीत अशी, की एक नंबरच्या मल्लांना हलगी वाजवत आखाड्यात आणायचं. शिष्य लंगोट कसून उभा राहिला आणि त्याच्यापुढे हलगी घेऊन तोच म्हातारा आला. त्याचे डोळे लाल होते. डोक्याच्या पटक्यावर राखेचे कण होते. दोन्ही काड्या एका हातात धरून तो दुसऱ्या हाताची बोटं पुन्हा पुन्हा चोळत होता, जशी थंडीने आखडलेली बोटं चोळतात. त्याने शिष्याला वाकून नमस्कार केला आणि हलगी वाजवत पुढे निघाला. शिष्याने मातीकडे पाहत त्याच्यामागून आखाडा गाठला.

कुस्ती चांगली झाली. वीस मिनिटं माती उडत होती. जोडीदार वजनाने भारी होता, पण शिष्याने त्याला खाली घेतलं, पाठीवर कब्जा केला, मानेखाली हात घातला. आता एक झटका पुरे होता. लोक उभे राहिले. अशा वेळी हलगी चढते, मल्लाच्या अंगात बळ भरते. म्हातारा कडेला धावत आला आणि जीव ओतून वाजवू लागला. तो शिष्यासाठीच वाजवत होता. शिष्याला ते कळलं. त्याची मान त्या आवाजाकडे वळली.

एवढाच क्षण होता. जोडीदार खालून निसटला, फिरला आणि शिष्याची पाठ मातीला लागली.

हलगी थांबली.

त्या रात्री परतीची गाडी होती. पण वस्ताद स्टँडकडे न जाता लॉजकडे वळले. त्यांनी मॅनेजरकडे शेजारच्या खोलीची किल्ली मागितली, शिष्याला त्या खोलीत नेलं आणि दिवा लावला. आता इथे कशासाठी आणलं, हे शिष्याला उमगेना.

"काल या खोलीतला आवाज तू किती वेळ ऐकलास?" वस्तादांनी विचारलं.

"तासभर. मग बंद झाला."

"मग झोपलास?"

"नाही वस्ताद. पुन्हा सुरू होईल म्हणून कान देऊन पडलो होतो. पहाटेपर्यंत."

"खाटा बघ."

शिष्याने पाहिलं. चारही खाटांवरच्या चादरी ताठ होत्या. एकाही उशीला डोक्याचा खळगा पडला नव्हता. कोपऱ्यात पाण्याचा माठ काठोकाठ भरलेला होता.

"तू माघारी आलास, त्यानंतर थोड्या वेळात चौघे खाली उतरले," वस्ताद म्हणाले. "चपला हातात घेऊन, मॅनेजर सांगत होता. तुला चाहूल लागू नये म्हणून. पहाटे मला ओढ्याच्या पलीकडे शेकोटीपाशी बसलेले दिसले. मी विचारलं, इथं का? म्हातारा म्हणाला, पैलवानाची झोप मोडत होती. तू काय बोललास ते त्याने सांगितलं नाही. त्याचं नाव रंभाजी. तुझ्या कुस्त्या त्याने पाहिल्यात. तुझी चाल संथ आहे, पाय दमाने टाकतोस, म्हणून तुला आखाड्यात आणायला वेगळा ठेका हवा असं त्याला वाटलं. तो तुझ्यासाठी ठेका बसवत होता. एका जागी अडत होता."

शिष्य खाटेच्या कडेवर बसला. चादरीला पहिली सुरकुती पडली.

"म्हणजे मी रात्रभर..."

"रिकाम्या खोलीचा पहारा केलास," वस्ताद म्हणाले. "ऐक. त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर जिना उतरून गेला होता. तू जागा राहिलास तो तुझ्या बोलण्यामुळे. ज्याला अपमान करून गप्प बसवलं, त्याच्या गप्प बसण्याचं ओझं आपल्या उशाशी येतं. ते घेऊन तू मातीत उतरलास. जागरणाने हरला असतास तर मी तुला बोललो नसतो. पुष्कळ मल्ल जागरण करून जिंकलेत. ज्याच्याकडे तुला नीट बघता येत नव्हतं, त्या माणसाने तुझ्यासाठी काडी उचलली आणि तुझी मान वळली, तिथे कुस्ती गेली."

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दूध पाजणाऱ्यांना काय तोंड दाखवू?"

"तोंड धू आणि तेच दाखव. दूध पाजणारी माणसं हरलेल्याला घराबाहेर ठेवत नाहीत." मग वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "आणि सारा दोष तुझ्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. मी जागा होतो. भिंतीतून तुझे शब्द ऐकले. उठून तुझा दंड धरायला हवा होता. पण उद्या कुस्ती आहे, पोराचं मन बिघडायला नको, असं म्हणून मी कूस बदलली. पहाटे त्यांना ओढ्यावर पाहिलं. तेव्हा तुला उठवून तिथे न्यायला हवं होतं. तेव्हाही कुस्तीच आडवी आली. अकरा वर्षांनी मिळालेला मान होता ना. मी म्हातारा झालो, पण दोन्ही वेळा मानच मोठा धरला."

शिष्याने वस्तादांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो उठला आणि धावत स्टँडवर गेला. हलगीवाल्यांची गाडी सुटून गेली होती.

पुढच्या माघात शिष्य पुन्हा त्या जत्रेला गेला. त्या वर्षी त्याची कुस्ती नव्हती. मैदानाच्या कडेला जाळ करून चौघे हलग्या शेकत बसले होते. रंभाजीने त्याला लांबूनच ओळखलं.

"या, पैलवान. बसा. जाळ चांगलाय."

शिष्याने आधी त्याचे पाय धरले. "नाना, माझं चुकलं. मी बोलायला नको होतं."

"अवं, उठा, उठा. लोक बघत्यात," रंभाजी ओशाळून म्हणाला. "कुस्तीच्या आदल्या रातीला डोकं तापतंच की माणसाचं. मी कवाच इसरलो."

शिष्य बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "नाना, तो ठेका... माझ्यासाठी बसवत होता तो?"

रंभाजीने हलगी मांडीवर घेतली आणि बोटांच्या टोकांनी वाजवून दाखवला. ठेका त्याच जागी येऊन थांबला.

"हितपतुर झाला हुता. म्होरं काय सुचलंच न्हाई."

बाकीचे तिघे जाळात काटक्या सारत होते. शिष्य म्हणाला, "नाना, आज मुक्काम माझ्या खोलीवर करा. चौघेही. वाजवा, हसा, रात्रभर बोला. मी खाली जमिनीवर पडेन."

रंभाजीने मान हलवली. "मुक्काम कुठला, पैलवान. साडेनवाची यष्टी हाय. मैदान सुटलं की निघायचं. आता कुठंच मुक्काम करत न्हाई आम्ही. उगं कुनाची झोप मोडाय नगं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर शिष्याला बरं वाटलं असतं.

आपण ज्याला गप्प केलं, तो त्यानंतर कुठे मोकळेपणी हसला का, हे कधी तरी जाऊन पाहावं.