रडण्यावाचून न उठणारी पालखी

सावरदऱ्याच्या निजाईची जत्रा चैत्रात भरते. पालखी सजते, गुलाल उधळला जातो, ढोल घुमतात, खांदेकरी दांड्याला खांदा लावून वाकतात, आणि ऐन त्या वेळी सगळं थांबतं. एवढी मोठी जत्रा देवळासमोर चिडीचूप उभी राहते. नव्या पाहुण्याला वाटतं, काहीतरी विपरीत घडलं. तो शेजारच्याला विचारायला जातो, तर शेजारचा ओठांवर बोट ठेवतो. गाव वाट बघत असतं ती एखादं तान्हं पोर रडण्याची. कुणाचंही चालतं, पाहुण्याचंही. पोरानं टाहो फोडला की पालखी उठते, त्याच्या आईची खणानारळाने ओटी भरतात, आणि मग जो जल्लोष होतो तो दरीपलीकडच्या गावाला ऐकू जातो. पोराला चिमटा काढायला मात्र बंदी आहे. मागे एका आत्याबाईंना फार घाई झाली होती. देवळाने त्यांच्याकडून नारळांचं तोरण वसूल केलं.

असं का, हे विचारायचं ते कोंडाजीबाबा गुरवांना. ऐंशीच्या घरातला माणूस, पण दात आणि तोंड दोन्ही शाबूत. देवळामागच्या उंबराच्या पारावर पाहुण्यांना बसवून ते आधी बजावतात, "मधीच उठायचं आसंल तर आत्ताच उठा. निम्मी गोष्ट ऐकून गेलेला मानूस बाहेर जाऊन चुकीची सांगतो." मग ते डोळे मिटतात आणि सुरू करतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता. माळव्याकडून येणारे व्यापाऱ्यांचे बैल अफूच्या गोण्या लादून याच वाटेने खाली बंदराकडे जात. घाट चढण्याआधी बैल इथल्या गायरानात चरत, आणि चराईच्या बदल्यात गावाला मिळे अफूचा गोळा. सयाजी पाटील तो घरोघर वाटून देत. मोठी माणसं तिच्या नादी फारशी लागत नसत, असं सांगतात. ती जायची पाळण्यात.

सुगीच्या दिवसांत घरातली झाडून सगळी माणसं शेतात. बाई दिवस उगवायला विळा हातात घ्यायची, ती मावळतीला ठेवायची. मग तान्ह्याचं काय करायचं? मोहरीएवढी गोळी दुधात कालवून जिभेवर ठेवली की पोर दिवसभर निपचित. आई निर्धास्त, बाप निर्धास्त. बारशाच्या दिवशी पहिली गोळी निजाईच्या पायाला लावून पोराच्या तोंडात द्यायची, असा रिवाजच पडला होता. आसपासची गावं कौतुकाने म्हणत, पोरं असावीत तर सावरदऱ्यासारखी, कधी कुणी रडताना ऐकलं नाही. गावालाही त्याचा भारी तोरा. पोरं हडकुळी होती, त्यांची पोटं फुगलेली असत, नजर कुठेतरी लागलेली असे, पण रडत नव्हती. एखादं सकाळी उठलंच नाही, तर बाया देवळाकडे हात जोडून, पदर डोळ्याला लावून म्हणत, आईने मांडीवर घेतलं. असं म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नसे.

ती पहिली गोळी द्यायचा मान गावच्या सुईणीचा. तिचं नाव ठकू. बाई म्हणजे काय आवाज! पाळणा म्हणायला लागली की वरच्या आळीतली गुरं रवंथ थांबवत, असं कोंडाजीबाबा सांगतात. पाहुणे हसले की वर पुस्ती जोडतात, "हसू नका, माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलंय." बोलणंही तसंच, तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसं. बाळंतीण घाबरली तर ठकू तिला इतकं बोलायची, इतकं हसवायची, की कळा सोसता सोसता ती सुटूनच जायची. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलं होतं आणि प्रत्येकाच्या जिभेवर तिनेच गोळी ठेवली होती. आपण काही वावगं करतो आहोत, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिचा लेक भागूजी पालखीचा खांदेकरी. त्याची बायको चिमा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी या चिमाला मुलगी झाली, आणि ठकूला आभाळ ठेंगणं झालं. नात मंजुळा दोन महिन्यांची असताना जत्रा आली. चिमाला पुरणावरणाचा रगाडा उरकायचा होता. ठकूने आपल्या हाताने नातीला गोळी दिली आणि पाळणा म्हणून निजवलं. दुपारी पालखीची वेळ झाली, चिमा तिला उचलायला गेली, तर पोरगी कापडाच्या बाहुलीसारखी लोंबली. ओठ निळे पडले होते. श्वास होता, पण शोधावा लागत होता.

ठकूने तिला चिमाच्या हातून ओढून घेतलं. तळपाय चोळले, पाठ थोपटली, गार पाण्याचा हात फिरवला, कानात हाका मारल्या. सुईणीला येतं ते सगळं करून झालं. पोरगी काही जागी होईना. गावातल्या म्हाताऱ्या दारात जमल्या आणि त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "ठके, आईनं मांडीवर घेतलं गं."

हे वाक्य ठकूने आजवर कितीतरी आयांना ऐकवलं होतं. तिला आता ते स्वतःच्या दारात ऐकावं लागलं. आपण त्या सगळ्या पोरांचं काय केलं, हे तिला त्या क्षणी कळलं, असं सांगतात. नातीला पोटाशी धरून ती धावत सुटली ती थेट देवळापुढे.

तिथे वेगळाच पेच पडला होता. पालखी उठत नव्हती. खांदेकऱ्यांनी जोर लावला, घामाघूम झाले, पाटलांनी आणखी गडी लावले, तरी दांडा तसूभर हलेना. भागूजीच्या खांद्याची सालटी निघाली होती. कुणी म्हणालं कौल लावा, कुणी म्हणालं विटाळ झाला. त्या गर्दीतून वाट काढत ठकू पालखीसमोर आली. तिने नातीला देवीपुढच्या पायरीवर ठेवलं आणि पदर पसरला.

"आये, ही लेकरं तू न्हाई नेलीस, म्या धाडली," ती म्हणाली. "माज्या या तोंडानं अंगाई म्हनून म्हनून धाडली. तर ह्यो आवाज तू घे. जल्मभर एक शबुद बोलनार न्हाई. पर त्यो हिला दे. हिला रडव."

एवढं म्हणून तिने ओठ मिटले. हजारो माणसांच्या जत्रेत पान हललं असतं तरी ऐकू आलं असतं, म्हणे. चिमा पायरीवर बसून लेकीचे तळपाय चोळत होती. आणि मग पायरीवरचं ते गाठोडं हललं. आधी उचकी आली. मग मंजुळाने तोंड वासलं आणि असा काही टाहो फोडला की देवळाच्या शिखरावरची पाखरं उडाली. त्याच क्षणी पालखी उठली. खांदेकऱ्यांनी जोर लावायच्या आत उठली, फुलासारखी, आणि बिचारे खांदेकरी तिच्याखाली सावरता सावरता एकमेकांवर आपटले. गाव हसलंही आणि रडलंही. पाटलांनी पागोटं काढून डोळे पुसले. चिमाने लेक उराशी लावली आणि ती जितकी रडे तितकी चिमा हसे.

इथे कोंडाजीबाबा थांबतात, तंबाखू नसल्यामुळे नुसतंच बोट तळहातावर घोळवतात आणि म्हणतात, "चमत्कार हितं संपला. काम हितनं म्होरं हाय."

कारण गोळी बंद म्हणणं सोपं होतं. अंगात मुरलेली अफू काही एका दिवसात जात नाही. पोरं किंचाळत, थरथरत, दूध ओकत. ठकू घरोघर फिरली. मोहरीएवढी गोळी तिने राजगिऱ्याएवढी केली, मग नखाच्या टोकाला लागेल तेवढी, मग नुसतं दूध. पोर फार तळमळायला लागलं की ती त्याला पोटाशी बांधून गावभर हिंडायची. पण जत्रेनंतर सुगी यायचीच होती. बाया रानात गेल्या की ही रडकी फौज सांभाळायची कुणी? पाटीलच कुरकुरायला लागले, "देवीचं खरं, पन भाताचं बी बघाया होवं."

ठकू काहीच बोलली नाही, बोलणार कशी? सुगीच्या पहिल्या सकाळी तिने या उंबराच्या फांद्यांना झोळ्या बांधल्या. मग ती पालखीच्या खांदेकऱ्यांच्या दारोदार गेली, त्यांच्या म्हाताऱ्या बापांच्या दारोदार गेली, आणि प्रत्येकाच्या कडेवर एकेक पोर ठेवून पुढे निघाली. गडी हातवारे करत राहिले. बोलणाऱ्या बाईशी भांडता येतं, मुकीशी भांडायचं कसं? भागूजी तेवढा म्हणाला, "आये, माजा खांदा देवीचा हाय." ठकूने त्याचा सोललेला खांदा चाचपला, मंजुळाचं डोकं नेमकं त्यावर टेकवलं आणि ती निघून गेली. पाटलांच्या वाट्याला जुळी आली.

पोरं रडत होती, तेव्हा कुणीतरी पाळणा म्हणायला हवा होता. ठकू म्हणू शकत नव्हती, बाया रानात होत्या. शेवटी सयाजी पाटलांनी घसा खाकरला. तो पाळणा ऐकून रानातल्या बायांनी विळे खाली ठेवले आणि पोट धरून हसल्या, असं सांगतात. पण जुळी निजली. मग बाकीच्यांनाही कंठ फुटला.

सगळी पोरं एका झाडाखाली आल्याने आणखी एक गोष्ट झाली. ठकूला ती रोज एकत्र दिसू लागली. कुणाचं पोट चढलंय, कुणाचे डोळे आलेत, कोण दुधाला तोंड लावत नाही, हे तिला झोळ्यांमधून फिरता फिरता कळे. आया दुपारी पाजायला येत, तेव्हा त्यांचंही दुखणंखुपणं ती बघे. घरात लपवलेली दुखणी उंबराखाली यायला लागली. पुढे वरच्या वाड्यांवरची माणसं आजारी माणूस घेऊन इथेच उतरू लागली. त्या वर्षी व्यापाऱ्यांचे बैल आले तेव्हा पाटील म्हणाले, "चराई फुकट घ्या, पर गोळा तुमचा तुमीच न्या." आणि पुढच्या चैत्रात पालखीसमोर इतकी धष्टपुष्ट पोरं एकदम रडली की पहिला आवाज कुणाचा, यावरून आयांची जुंपली.

ठकू त्यानंतर पुष्कळ जगली. नवस तिने शेवटपर्यंत पाळला. मंजुळाच मग सुईण झाली आणि आजीचे हातवारे पाहून सगळी विद्या शिकली. आजीची कसर तिने भरून काढली, म्हणे. ती गप्प बसलेली कुणाला आठवत नाही.

आजही सावरदऱ्यात पालखीचा खांदा असाच मिळत नाही. सुगीत उंबराखाली ज्याने झोळी हलवली त्यालाच तो मान. पाळणा आजही पुरुष म्हणतात, आजही बेसूर म्हणतात आणि बाया आजही हसतात. सरकारी आरोग्य उपकेंद्र बांधायचं ठरलं तेव्हा गावाने दुसरी जागा दाखवलीच नाही. ते पाराला लागूनच आहे. लसीच्या दिवशी आत एकेक पोर भोकाड पसरतं आणि बाहेर पारावरची म्हातारी माणसं खुशीने माना डोलावतात. तिथल्या नर्सबाई बदलून आल्या तेव्हा आधी चक्रावल्या होत्या. आता झोपाळू पोर दिसलं की त्याच आधी आईला बसवून चार प्रश्न विचारतात.

आणि नव्या बाळंतिणीला बघायला गेलेली बाई इथे आजही असं विचारत नाही, की पोर गुणी आहे ना, त्रास देत नाही ना? ती विचारते, "आवाज कुनाचा घेतलाय?" बाळंतीण कालच या गावात सून म्हणून आलेली का असेना, उत्तर तिला ठाऊक असतं.

"ठकूआजीचा," ती सांगते.